कुंपण कोणाचे, माणूस कोणाचा?

उपवासकाळातील एका रविवारी पवित्र मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक सद्गृहस्थ मला भेटावयास आले. त्या दिवशी मी परक्याच्या स्वागताविषयी प्रवचन केले होते. त्यांचा मुलगा गेली अनेक वर्षे अमेरिकेतील टेक्सास राज्यात नोकरी करतो. "फादर," ते म्हणाले, "तुमचे प्रवचन ऐकले. पण मला एक सांगा, आपल्या घराला कुंपण घालणे हे पाप आहे काय? माझा मुलगा कायद्याने तिकडे गेला. कर भरतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तरी कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत उभा आहे. आणि रात्री नदी ओलांडून जे शिरतात, त्यांच्यासाठी मात्र ख्रिस्तसभेला कळवळा येतो. हा कुठला न्याय?"

प्रश्नात राग होता, पण खोटेपणा नव्हता. मी त्यांना दोन-चार वाक्यांत उत्तर दिले. "बरं फादर," म्हणून ते निघाले. त्यांचे समाधान झाले नव्हते आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. पुढे काही दिवस मी टेक्सासच्या सीमेवर घडलेल्या गोष्टींविषयी मिळेल ते वाचीत राहिलो. त्या वाचनातून मला असे दिसले की, तेथे जो वाद माजला तो वरवर पाहता 'कुंपण घालण्याचा अधिकार केंद्राचा की राज्याचा' असा घटनेचा वाद असला, तरी त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. अधिकार कशासाठी असतो, हा तो प्रश्न. त्या गृहस्थांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर म्हणूनच मी हे लिहीत आहे.

प्रथम त्यांचा प्रश्न सरळच घेऊ. कुंपण घालणे हे पाप नव्हे. ख्रिस्तसभेने तसे कधीही शिकविलेले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात या विषयाच्या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी मांडल्या आहेत. सुरक्षिततेच्या आणि उपजीविकेच्या शोधात आलेल्या परक्याला आपल्या कुवतीनुसार आश्रय देणे हे संपन्न राष्ट्रांचे कर्तव्य आहे, हे तेथे सांगितले आहे. सर्वांच्या हितासाठी शासनाला त्यावर कायद्याच्या अटी घालता येतात आणि येणाऱ्यानेही त्या देशाचे कायदे पाळावयाचे असतात, हेही तेथेच सांगितले आहे. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जे शासनपत्र काढले, त्यात मिसर देशात पळून गेलेले पवित्र कुटुंब हे प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श म्हणून दाखविले. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली जागतिक शांततेविषयीच्या आपल्या परिपत्रकात योग्य कारणासाठी देशांतर करणे हा मानवी हक्क असल्याचे म्हटले. परंतु यांपैकी कोणीही सीमा पुसून टाका असे म्हटले नाही.

आपल्या भाषेत 'वेस' हा फार बोलका शब्द आहे. वेस म्हणजे गावाची सीमा आणि वेस म्हणजे गावात शिरण्याचा दरवाजाही. आपल्या पूर्वजांच्या मनात या दोन कल्पना वेगळ्या नव्हत्या. दरवाजाच नसलेल्या भिंतीला कोणी वेस म्हणणार नाही. अर्थात याच वेशीबाहेर आपण आपल्याच बांधवांना पिढ्यान् पिढ्या ठेवले, हेही विसरता येत नाही. म्हणजे वेस असणे हा दोष नाही. त्या वेशीचे आपण काय करतो, यावर सारे अवलंबून आहे.

आता टेक्सासकडे वळू. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधील सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटर लांबीची आहे आणि तिचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग एकट्या टेक्सासच्या वाट्याला येतो. तेथे रिओ ग्रांदे ही नदी १८४८ च्या तहापासून सीमा म्हणून मानली जाते. या नदीच्या काठी ईगल पास नावाचे छोटे शहर आहे. पलीकडच्या तीरावर मेक्सिकोचे पिएद्रास नेग्रास. मार्च २०२१ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी केंद्र सरकार सीमा सांभाळीत नाही, असे म्हणून राज्याची स्वतंत्र मोहीम सुरू केली. नदीकाठी पात्याच्या तारांची वेटोळी टाकली गेली. जुलै २०२३ मध्ये ईगल पासजवळ नदीच्या पात्रात नारिंगी रंगाचे मोठे तरंगते गोळे साखळीने बांधून सुमारे ३०० मीटर लांबीचा अडथळा उभा राहिला. गोळ्यांच्या मधोमध करवतीसारख्या दात्यांच्या चकत्या होत्या. केंद्र सरकारने त्याविरुद्ध दावा लावला. नदीतून वर चढलेल्यांपर्यंत पोहोचण्यासाठी केंद्राचे सीमा गस्त दल तारा कापू लागले, तेव्हा टेक्सासने केंद्रावर दावा लावला. १० जानेवारी २०२४ रोजी राज्याच्या सैनिकांनी ईगल पासमधील शेल्बी पार्क हे नदीकाठचे सार्वजनिक उद्यान ताब्यात घेतले आणि केंद्राच्या गस्त दलाला फाटकातून आत येण्यास मज्जाव केला. एकाच देशाची दोन सशस्त्र दले एका फाटकाच्या दोन बाजूंस उभी राहिली.

दोन्ही पक्षांचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. केंद्राचे म्हणणे असे की, परदेशी माणसाला देशात घ्यावे की न घ्यावे हा निर्णय साऱ्या राष्ट्राचा आहे. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या एका अधिकाऱ्याने बोटीवरून आलेल्या काही चिनी स्त्रियांना अडवून धरले होते. तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा न्यायालयाने दाखवून दिले की, एका राज्याच्या वागण्यामुळे सारे राष्ट्र परदेशाशी कलहात ओढले जाऊ शकते; म्हणून हा अधिकार राज्याकडे ठेवता येत नाही. २०१२ साली अॅरिझोना राज्याच्या कायद्याच्या खटल्यातही त्याच न्यायालयाने त्या कायद्यातील बहुतेक वादग्रस्त कलमे याच विचाराने रद्द केली.

टेक्सासचेही म्हणणे पोकळ नव्हते. निर्णय दूरच्या राजधानीत होतो, पण त्याचा भार ईगल पाससारख्या गावावर पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे येणाऱ्यांची रीघ एवढी वाढली की, केंद्राला आपली माणसे वळविण्यासाठी तेथील रेल्वेपुलावरची वाहतूकच काही दिवस बंद ठेवावी लागली. नदीतून प्रेते बाहेर काढण्याचे काम गावच्या अग्निशामक दलाच्या नशिबी आले. अमेरिकेच्या घटनेत केंद्राने प्रत्येक राज्याचे आक्रमणापासून रक्षण करावे असे कलम आहे. त्याचाच आधार घेऊन गव्हर्नरांनी या लोंढ्याला 'आक्रमण' असे नाव दिले. उपाशी माणसांच्या येण्याला आक्रमण म्हणणे मला पटत नाही. तथापि 'आमच्या दारात काय घडते आहे ते वर कोणी पाहत नाही' ही त्यामागची तक्रार खरी होती.

अशा वेळी कॅथलिक माणसाच्या हाताशी एक तत्त्व असते. पोप पायस अकरावे यांनी १९३१ सालच्या आपल्या सामाजिक परिपत्रकात ते ठसठशीतपणे मांडले. त्याला आपण सहायकतेचे तत्त्व म्हणतो. जे काम लहान समूह स्वतः नीट करू शकतो, ते मोठ्या समूहाने त्याच्या हातून हिरावून घेऊ नये. जे त्याला झेपत नाही, तेथे मोठ्याने त्याच्या मदतीस धावावे. ज्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले, त्याचा मूळ अर्थ पहिल्या फळीमागे मदतीसाठी उभी केलेली राखीव तुकडी असा आहे. वरच्याने खालच्याच्या पाठीशी उभे राहावे, त्याच्या डोक्यावर बसू नये, असा त्याचा आशय.

मात्र हे तत्त्व सोयीप्रमाणे वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो. २०१९ साली स्वतः केंद्र सरकारच भिंत बांधू पाहत होते, तेव्हा कॅलिफोर्नियासह १६ राज्ये केंद्राविरुद्ध न्यायालयात गेली. त्याच सुमारास टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल धर्मप्रांताच्या मालकीच्या जमिनीवर, ला लोमिता या जुन्या प्रार्थनामंदिराच्या परिसरात, केंद्राला भिंतीसाठी मोजणी करावयाची होती. तेथील बिशप डॅनियल फ्लोरेस यांनी नकार दिला. न्यायालयाने मोजणीस परवानगी दिली. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेने कायदा करून ती जागा वगळली. २०२४ मध्ये शेल्बी पार्क ताब्यात घेताना राज्याने केंद्राला बाजूला सारलेच. पण ते उद्यान ज्या नगराच्या मालकीचे, त्या नगरालाही विचारले नाही. आम्ही अशी मागणी केली नव्हती, असे तेथील नगराध्यक्षांनी उघड सांगितले. म्हणजे 'वरचा आम्हांला दडपतो' अशी तक्रार करणारा स्वतः खालच्याला दडपीत होता. आपल्याकडेही हा प्रश्न अनोळखी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाम या राज्यांत सीमा सुरक्षा दलाची अधिकारकक्षा १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटर केली आणि पंजाब सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कोणत्याही देशात केंद्र नेहमीच बरोबर किंवा राज्य नेहमीच बरोबर, असा हिशेब मांडता येत नाही.

मला खटकले ते निराळेच. न्यायालयांपुढे जे प्रश्न गेले, ते पाहा. तरंगत्या गोळ्यांच्या खटल्यात केंद्राने आधार घेतला तो १८९९ च्या, नदीतील जलवाहतुकीला अडथळा होऊ नये यासाठी केलेल्या कायद्याचा. त्यामुळे वाद कशावर झाला? नदीच्या त्या भागातून नावा चालू शकतात की नाही, यावर! तारांच्या खटल्यात टेक्सासचा दावा काय होता? तार ही राज्याची मालमत्ता असून केंद्राने ती कापून नुकसान केले, असा. २२ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राला तारा कापण्याची तात्पुरती मुभा दिली, कारणे मात्र लिहिली नाहीत. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने टेक्सासच्या बाजूने कौल दिला. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. पुढे आलेल्या प्रश्नाचेच उत्तर त्यांना द्यावे लागते. परंतु नदीची मोजमापे झाली, तारेची मालकी ठरली आणि त्या नदीत उतरलेला, त्या तारेत अडकलेला माणूस मात्र कोणत्याच खटल्याचा विषय झाला नाही.

या साऱ्या वादाच्या मधोमध १२ जानेवारी २०२४ ची रात्र आहे. त्या रात्री ईगल पासजवळ नदीत एक स्त्री आणि दोन लहान मुले बुडून मरण पावली. आणखी दोघे संकटात असल्याचे मेक्सिकोच्या अधिकाऱ्यांनी केंद्राच्या गस्त दलाला कळविले. दलाचे लोक फाटकाशी गेले. त्यांना आत सोडण्यात आले नाही. राज्याच्या सैनिकांनी दिवे लावून स्वतः पाहिले, त्यांना कोणी दिसले नाही. त्या दोघांना शेवटी मेक्सिकोच्या माणसांनी वाचविले. येथे सत्याशी प्रामाणिक राहिले पाहिजे. ती स्त्री आणि ती मुले हा निरोप येण्यापूर्वीच, सुमारे तासभर आधी, बुडाली होती, असे केंद्रानेच पुढे न्यायालयात सांगितले. तेव्हा ते तीन मृत्यू बंद फाटकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, आणि त्या दिवसांत पुष्कळांनी तो अन्याय केलाही. परंतु म्हणून मनाला स्वस्थता लाभत नाही. बुडणाऱ्याचा निरोप आला असता मदतीला निघालेल्याला 'ही हद्द तुमची नव्हे' असे ऐकावे लागते, ती व्यवस्थाच मुळात चुकलेली आहे. त्या रात्री तिच्यामुळे कोणी मेले नाही हे खरे. पण उद्या मरणार नाही याची हमी तिच्यात नाही.

'हद्द' हा शब्द आपल्यालाही चांगला परिचयाचा आहे. तक्रार घेऊन गेलेल्या पीडिताला 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे म्हणून एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात धाडल्याच्या कहाण्या आपण ऐकल्या आहेत. म्हणूनच गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, समोर आलेल्या ठाण्याने तो आधी नोंदवून घ्यावा, ही तरतूद जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्टपणे आली. हद्दीचा प्रश्न नंतर सोडवा, आधी माणसाचे ऐका, असा त्याचा अर्थ. कायद्यालाही हे शहाणपण शिकता येते.

प्रभू येशूच्या दुःखसहनाच्या कथेत हद्दीचा असाच एक प्रसंग आहे. तो फक्त संत लूक सांगतो. पिलात हा रोमचा, म्हणजे केंद्राचा, अधिकारी. हेरोद हा गालीलाचा स्थानिक सत्ताधीश. आरोपी गालीलचा आहे असे कळताच पिलाताने त्याला हेरोदाकडे पाठविले. हेरोदाने त्याची थट्टा केली आणि त्याला परत पिलाताकडे धाडले. दोघांनाही त्याच्यात शिक्षेस पात्र असा दोष आढळला नाही आणि दोघांपैकी एकानेही त्याला सोडविले नाही. लूक पुढे एक लहानशी नोंद करतो, जी आपण शुभशुक्रवारच्या आसपास वाचतो आणि विसरून जातो. पूर्वी एकमेकांचे वैरी असलेले ते दोघे त्या दिवशी मित्र झाले. हद्दीचा वाद मिटला. सत्ताधीशांचा समेट झाला. आणि निरपराध माणूस क्रुसाच्या वाटेला लागला.

आजच्या कोणा शासनकर्त्याला पिलात किंवा हेरोद ठरविण्यासाठी मी हे लिहीत नाही. तो न्याय देवाचा. पण हा प्रसंग मला दोन गोष्टी शिकवितो. अधिकार टोलविणे हे जसे पाप होऊ शकते, तसाच दोन अधिकाऱ्यांचा समेट म्हणजेच न्याय असेही होत नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत नवे केंद्र सरकार आले. त्याने स्वतःच सीमेवर आणीबाणी जाहीर केली आणि 'आक्रमण' हा टेक्सासचा शब्द आपलासा केला. केंद्र व टेक्सास यांच्यातील वैर संपले. राज्याने केलेल्या खर्चापोटी गव्हर्नरांनी सुमारे ११ अब्ज डॉलरची भरपाईही मागितली. नदी ओलांडणाऱ्यांची संख्या पुष्कळच घटली. कोणाचा अधिकार, हा प्रश्न बराचसा शमला. पण दारात उभ्या असलेल्याचे काय, हा प्रश्न शमला काय? १० फेब्रुवारी २०२५ रोजी, मृत्यूपूर्वी अवघे काही आठवडे, पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिले. घातक गुन्हेगारांपासून आपले रक्षण करण्याचा राष्ट्राचा अधिकार त्यांनी मान्य केला. मात्र माणसाची प्रतिष्ठा त्याच्याजवळच्या कागदपत्रांवर ठरत नाही, या सत्याचीही आठवण करून दिली.

संत थॉमस अक्वायनस यांनी केलेली कायद्याची व्याख्या सेमिनरीत आम्हांला पाठ करावी लागे. कायदा हा विवेकाचा आदेश असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, तो प्रकट केलेला असावा, आणि ज्याच्यावर समाजाची काळजी सोपविलेली आहे त्याने तो केलेला असावा, असा तिचा मथितार्थ. तरुणपणी त्यातील 'काळजी' या शब्दापाशी मी कधी थांबलो नाही. आता वाटते, साऱ्या वादाची किल्ली तेथेच आहे. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याने कायदा करावा, असे संत थॉमस म्हणत नाहीत. अधिकार काळजीतून जन्मतो. तेव्हा 'ही सीमा माझी' असे जो म्हणतो, मग तो केंद्र असो वा राज्य, त्याने त्याच श्वासात हेही म्हटले पाहिजे की, 'या सीमेवर जो बुडतो आहे तोही माझा.' त्याला कदाचित मी परत पाठवीन. त्याचा अर्ज कदाचित नाकारीन. पण त्याला पाण्यातून बाहेर मीच काढीन. तार हवी आणि तारेत अडकलेला नको, असा अधिकार कोणत्याही घटनेने दिला तरी नीतीने तो टिकत नाही.

आता त्या सद्गृहस्थांकडे वळतो. महाशय, आपल्या मुलाची रांग अन्यायाने लांबलेली आहे आणि आपला राग रास्त आहे. पण ती रांग नदीतल्या बाईने लांबविलेली नाही. ती ज्यांनी लांबविली आणि ज्यांनी आखूड केली नाही, ते कायदे करणारे आहेत; तिलाही सरळ दरवाजा न ठेवणारे तेच आहेत. आपला मुलगा आणि ती स्त्री एकाच अरुंद दाराच्या दोन बाजूंस उभी आहेत. आपल्या मुलासाठी न्याय मागताना तिच्यावर राग काढण्याची गरज नाही. दार नीट करा, हे दोघांच्याही वतीने मागता येते.

कुंपण घाला. ते पाप नव्हे. पण त्याला दार ठेवा, आणि रात्री कोणी हाक मारली तर उठेल असा एक माणूस त्या दाराशी ठेवा. तो केंद्राचा असावा की राज्याचा, हे न्यायालयाने ठरवावे. त्याने उठावे, हे मात्र ठरवण्यासाठी कोणाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे सारे मी त्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सांगू शकलो नाही. ते हा अंक वाचतील तेव्हा पुन्हा माझ्याशी वाद घालावयास येतील, अशी आशा आहे. त्यांच्या मुलाचा परवाना लवकर यावा अशी प्रार्थना मी त्यांच्याबरोबर करीन. माझी एवढीच विनंती राहील की, त्याच प्रार्थनेत त्यांनी त्या रात्री रिओ ग्रांदेच्या पाण्यात गेलेल्या तिघांसाठीही क्षणभर थांबावे.